गावंडे साहेबांची जाळी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी राजापेठेतल्या घरी वांगी चिरत होते. "मॅडम, तुमच्या नोकरीतले थरारक अनुभव लिहा ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, थरारक काही घडू नये याचाच तर मला पगार होता. थरार पाहिजे असेल तर आमच्या गावंडे साहेबांना विचारा."

"त्यांचा लेख मागच्याच अंकात होता की! फार गाजला. तुम्ही वाचला नाही?"

वाचला होता. दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा मला जेवण गेलं नव्हतं.

तेव्हा आधीच सांगून टाकते, हा लेख मत्सरापोटी लिहिलेला आहे. निवृत्त झालं की मन निवळतं, जुन्या गोष्टींचं हसू येतं, असं लोक म्हणतात. माझं काही निवळलं नाही. मी सकाळी चहा पिताना जळते आणि संध्याकाळी फिरायला गेले की पुन्हा जळते. आमचे हे म्हणतात, "अवं, त्या माणसानं तुह्यं काय घोडं मारलं?" तेच तर दुखणं आहे. काहीच मारलं नाही. मारलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी आणि गावंडे एकाच शेटजींकडे सुरक्षा अधिकारी होतो. शेटजींचा तेल्हाऱ्याजवळचा जिनिंगचा कारखाना माझ्याकडे, अकोल्यातली डाळ मिल गावंडेंकडे; तपासणीच्या निमित्तानं एकमेकांच्या कारखान्यात जाणंयेणं असायचं. सुरक्षा अधिकारी म्हटलं की लोकांना गेटवर शिट्टी वाजवणारा माणूस वाटतो. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून सिक्युरिटीत हाये." मी समजावून थकले, मग तेच चालू दिलं.

काम असं, की कारखान्यात रोज फिरायचं आणि कुठे काय वाकडं होऊ शकतं ते होण्याआधी पाहायचं. जे जे दिसेल त्याला दोन प्रश्न विचारायचे. हे घडलं तर किती वाईट होईल? आणि घडण्याची शक्यता किती? दोन्हींना गुण द्यायचे, गुणाकार करायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या मागे आधी लागायचं. ऐकायला शाळेतलं गणित वाटतं. पण सगळे धोके एकदम आटोक्यात येत नसतात; फिटर एकच असतो, हंगाम तोंडावर असतो, आणि शेटजींना रोज नवीनच कशाची तरी भीती वाटते. कशाला आधी हात घालायचा आणि कशाला थांबवायचं, हे ठरवणं म्हणजेच आमची नोकरी. थांबवलेल्या गोष्टीतून काही निघालं की तुमची खैर नसते.

एकदा कापसाच्या गंजीत साप निघाला. झालं! सगळा कारखाना बंद. शेटजी म्हणाले, "मॅडम, बाकी सारं सोडा, सापाचं पाहा आदी." मी त्याला पाचवा नंबर दिला. साप माणसाला पाहून पळतो, फिरती पुली पळत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. हमालांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो साप पिशवीत घालून आणला होता. त्याच आठवड्यात गावंडे आले, सर्पमित्राला सोबत घेऊन आले, साप बरणीत भरून सगळ्यांना दाखवला आणि टाळ्या घेऊन गेले. सापाला माझ्या यादीत तेव्हाही पाचवाच नंबर होता, आणि तो बरोबर होता. पण टाळ्यांना नंबर नसतात ना.

गावंडेंचं सगळंच असं. उंच माणूस, आवाज मोठा, अकोट तालुक्यातला, बोलणं अस्सल वऱ्हाडी. कारखान्यात शिरले की माणसं आपोआप हसायला लागायची. कामावरच्या बायांना विचारायचे, "काय वं, आज डब्यात काय आनलं?" आणि त्या बाया आपल्या डब्यातली चटणी-भाकर काढून त्यांच्या हातावर ठेवायच्या. मी गेले की डोक्यावरचे रुमाल नीट करायच्या आणि गप्प व्हायच्या. मी म्हटलं, "तोंडाला फडकं बांधा, रुईची धूळ छातीत जाते," की उत्तर यायचं, "गरम होते मॅडम." तेच गावंडे म्हणायचे, "बांधा ना वं, नाईतर नवरा वळखन कसा तुमाले, तोंडभर रुई!" खो-खो हसून सगळ्या बांधायच्या. त्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण फडकी बांधली जायची.

शेटजी दरवर्षी सुरक्षित कारखान्याला ढाल द्यायचे. ती कायम अकोल्याला. अहो, डाळ मिल आणि जिनिंग यांची तुलना तरी होते का? कापूस हा पेटायलाच बसलेला असतो. बरं, ढालीबरोबर बक्षीस म्हणून गावंडेंच्या लोकांना सेमाडोहला सहल. गावंडे तिकडून आले ते वाघ पाहून आले. मी पोराबाळांना घेऊन किती वेळा मेळघाटात गेले, सांबराच्या वर काही दिसलं नाही. वाघसुद्धा त्यालाच दिसला!

आता मुख्य गोष्टीकडे येते, पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं ओळीनं उभी असतात. आम्ही त्यांना रेचे म्हणतो. आमचे रेचे जुने होते. प्रत्येकाच्या बाजूला मोटरच्या पट्ट्यावर फिरणारी मोठी पुली, आणि त्या पुलीवर लोखंडी जाळी. जाळी असली की काही भीती नाही. नसली, तर साडीचा पदर, शर्टाची बाही, रुमालाचं टोक, जे काही पट्टा आणि पुली यांच्यामध्ये जाईल ते ओढलं जातं, आणि त्याच्यामागोमाग हात. मोटर बंद करायला धावेपर्यंत सगळं झालेलं असतं.

शेवटच्या रेच्यावर मंगलाबाई कामाला होती. तेव्हा तिशीची, काटक, बोलायला फटकळ. तिचं काम असं, की खाली सांडलेला कापूस वाकून उचलायचा आणि पुन्हा रेच्यात टाकायचा. वाकली की तिचा खांदा पुलीच्या अगदी जवळ यायचा. एरवी बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून, वर कमरेला फडकं बांधून येतात, म्हणजे पदर आवळलेला असतो. त्या वेशाला गावंडे हसायचे. मी मनातून त्या शर्टाला नमस्कार करायची.

पण एक दिवस असा होता की शर्ट नाही आणि जाळीही नाही. तो दिवस मुहूर्ताचा.

हंगाम सुरू व्हायचा त्या दिवशी रेच्यांची पूजा. पूजेसाठी जाळ्या काढायच्या, पुलीला हळदकुंकू लावायचं, तिच्यावर स्वस्तिक काढायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि मग तसंच, उघड्यावर, यंत्र सुरू करायचं. हार फिरायला लागला की पाकळ्या उडायच्या. बाया त्या पदरात झेलायच्या. सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, नायलॉनच्या, झुळझुळीत पदराच्या. आणि पुढं हार सुकून आपोआप गळून पडेपर्यंत जाळी परत लावायची नाही. "देव झाकाचा नसते," एवढंच उत्तर.

माझ्या हिशोबात या दिवसाचा आकडा वर्षातला सगळ्यात मोठा होता. आगीच्याही वर. आगीला आपल्याकडे पाणी होतं, वाळूच्या बादल्या होत्या, पळायला दारं होती. उघड्या पुलीपुढे नायलॉनचा पदर, त्याला काय होतं?

हे "झाकाचं नसते" आलं कुठून, ते मला मंगलाबाईनंच सांगितलं. तिच्याआधी त्याच रेच्यावर तिची मोठी जाऊ होती. "माह्या जावेचा हात मुहूर्तालेच गेला मॅडम," ती म्हणाली. "पूजा झाली, मशीन चालू झाली, आन तवाच्या मुकादमानं जाळी लावाले सांगतली. ती जाळी धरून उभी होती. देवाले झाकाले गेली, देवानं हात घेतला."

मी कपाळावर हात मारून घेतला. चालू यंत्रावर जाळी चढवली म्हणून हात गेला! यंत्र बंद करून जाळी लावा, एवढा साधा धडा होता. त्याऐवजी सगळ्यांनी घेतला तो धडा असा, की जाळीच लावू नका. आणि ज्या घरातला एक हात गेला होता, त्याच घरातली मंगलाबाई सगळ्यांत पुढे उभी राहून मला सांगत होती, "तुमी जाळी लावसान तर मी कामावर येत नाई."

मी काय नाही केलं! सूचनाफलक लावला, त्यावर कुणीतरी हार लटकवला. सभा घेतली, जाऊबाईच्या हाताचं नीट समजावून सांगितलं. मुकाट्यानं ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग शेटजींच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "शेटजी, पूजा करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त जाळीच्या मधोमध एक पत्रा बसवू, स्वस्तिक त्या पत्र्यावर काढू, हार जाळीला घालू. देव समोर दिसेल आणि पुली आत राहील."

शेटजी वाईट माणूस नव्हते. पण ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असन. पन पूजेच्या मधात नका पडू. लोकं म्हनतीन, तुमच्यात नसते पूजा, म्हनून तुमाले आमच्या देवाचं काही वाटत नाई."

आमच्या घरी पूजा नाही, वंदना असते, हे खरंच आहे. आजोबांपासून नाही. पण मी देवाबद्दल बोलत नव्हते, मी पुलीबद्दल बोलत होते. हे शेटजींना कळत होतं आणि त्यांना काही करायचं नव्हतं, याचा मला भयंकर राग आला. केबिनमधून बाहेर आले तेव्हा दोन बाया हळूच बोलत होत्या, आणि मला पाहून थांबल्या. काय बोलत असतील ते कळायला मला जवळ जायची गरज नव्हती.

तरीही मी शेवटच्या रेच्यापुरती तशी जाळी करून घेतली. आमचे फिटर सलीमभाई, त्यांना सांगितलं. त्यांनी मधोमध गोल पत्रा वेल्ड केला, शेंदरी रंग दिला, जाळीला हार अडकवायला हुक केले. काम संपल्यावर चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, देव त्यांचा, डोकं तुमचं, वेल्डिंग माझं. पण तुम्ही सांगितलं तर कोणी लावू देणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"उद्या गावंडे साहेब येऊन राहिले तपासणीला."

सलीमभाई एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले. मला मात्र जे नको होतं ते डोक्यात शिरलं.

एकमेकांच्या कारखान्याची तपासणी करायची आमच्याकडे पद्धत होती, आणि त्या वर्षी गावंडेंची तपासणी नेमकी मुहूर्ताला आली होती. मी घरी जाऊन हिशोब मांडला, नेहमीचाच, दोन प्रश्नांचा. मी बोलले, तर ऐकतील याची शक्यता? शून्य. गावंडे बोलले तर? ते काहीही बोलले तरी ऐकतात. आणि नाहीच ऐकलं तर काय जाईल? मंगलाबाईचा हात. दुसऱ्या पारड्यात काय होतं? माझं नाव. इतका सोपा गुणाकार मी आयुष्यात केला नव्हता, आणि इतका रडत रडतही केला नव्हता. माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट मी उचलून त्या माणसाच्या ताटात वाढायची! ढाल त्याची, वाघ त्याचा, आता हेही त्याचंच?

दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या मी त्यांना चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. जाळी दाखवली. त्यांनी पत्र्यावर बोटानं टकटक करून पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, मी सांगतो सगळ्याइले, का ही तुमची कल्पना हाये."

"खबरदार," मी म्हटलं. "माझं नाव घेतलं की जाळी निघालीच समजा. आज नाही तर उद्या निघेल. कधीच घेऊ नका."

"कधीच?"

"मंगला त्या रेच्यावर आहे तोवर."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं ते अशा नजरेनं की मला अजूनच राग आला. त्या नजरेत दया होती की आदर, ते मला ठरवता आलं नाही.

पूजेची सगळी तयारी झाली, बाया ताटं घेऊन उभ्या राहिल्या, शेटजींनी नारळ हातात घेतला, आणि गावंडे एकदम ओरडले, "अजी थांबा! दरसाल देवाले असे उघड्यावर ठेवता तुमी? सारी रुई, सारी धूळ त्याच्या तोंडात! आपल्या घरी देव्हाऱ्याले दार असते का नाई? मंग याले काहून नाई? सलीमभाई, आना बरं ते मखर!"

मखर! मी त्याला जाळी म्हणत होते, पत्रा म्हणत होते. त्यांनी एका शब्दात काम केलं. हा शब्द मला का सुचला नाही, याचा त्रास मला आजही होतो.

सलीमभाईंनी बंद यंत्रावर जाळी चढवली आणि नट आवळले. मंगलाबाई पुढे आली. तिनं जाळीकडे पाहिलं, गावंडेंकडे पाहिलं. "पन पाकळ्या कशा उडतीन सायेब?" तिनं विचारलं.

"मी हावो ना उडवाले!" गावंडे म्हणाले, आणि त्यांनी टोपलीतला मूठभर झेंडू कुस्करून तिच्या डोक्यावर उधळला. सगळ्या बाया हसल्या. मंगलाबाईनंच पत्र्यावर पहिलं स्वस्तिक काढलं. नारळ फुटला, मोटर सुरू झाली.

टाळ्या वाजत होत्या, शेटजी गावंडेंच्या गळ्यात उरलेला हार घालत होते. सगळे तिकडे पाहत होते. मी शेवटच्या रेच्याकडे पाहत होते. मंगलाबाई खाली पडलेला कापूस उचलायला वाकली. तिच्या हिरव्या नायलॉनच्या साडीचा पदर खांद्यावरून सुटला, पट्ट्याच्या वाऱ्यानं उडाला आणि जाळीवर जाऊन चिकटला. तिथं तो फडफडत राहिला. तिनं तो मागे न पाहता ओढून घेतला, कमरेला खोचला आणि कापूस रेच्यात टाकला. तिला काही कळलंसुद्धा नाही. मी मात्र सरकीच्या पोत्यावर बसले.

थोड्या वेळानं ती पेढे वाटत आली. आधी गावंडेंना दिला, मग शेटजींना, मग मुकादमाला, मग माझ्याकडे. "तुमी पन घ्या मॅडम," ती म्हणाली. "पाहा, सायेबानं कसं देवाचं बी राखलं आन आपलंबी. तुमी निस्त्या रागवता." मी पेढा घेतला. तिची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. पाचही. मी त्या वेळी गावंडेंवर इतकी जळले की सांगता येत नाही, आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटलं होतं की तेही सांगता येत नाही. आधी काय वाटलं, ते मला विचारू नका.

त्या दिवसापासून त्या जाळीचं नाव "गावंडे साहेबांची जाळी" पडलं. नवीन बाई कामाला आली की मंगलाबाई तिला हौसेनं दाखवायची. शेटजींनी सगळ्याच रेच्यांना तशा जाळ्या करायला लावल्या. त्या वर्षीची ढाल कोणाला, ते सांगायला नकोच. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मुकादम म्हणाला, "मॅडमचं शिस्तीचं काम होतं, पन डोकं म्हनजे गावंडे सायेबाचं." मी हसून नमस्कार केला. हात जोडलेले बरे असतात अशा वेळी.

गावंडेंनी शब्द पाळला. कुणापुढे माझं नाव काढलं नाही. मागच्या वर्षीच्या लेखातसुद्धा त्यांनी लिहिलं, "एका सहकाऱ्याच्या सूचनेवरून." एका सहकाऱ्याच्या! मीच तोंड बंद करायला लावलं होतं, आणि मंगलाबाई तेव्हाही कामावर होती, म्हणून भांडायलाही जागा नाही. एवढा भला माणूस शत्रूलाही मिळू नये.

यंदा शेटजींच्या मुलानं जुने रेचे भंगारात काढले. नव्या यंत्रांच्या पुल्या पेटीतच बंद असतात, पूजा पेटीवरच होते. मंगलाबाईनं काम सोडलं. आता ती तेल्हाऱ्याच्या बाजारात जावेशेजारी बसून भाजी विकते. मागे मी तिकडे गेले होते. जाऊबाई मेथीची जुडी दातात धरून एका हातानं बांधत होती. मंगलाबाई दोन्ही हातांनी भराभर बांधत होती. मला पाहून म्हणाली, "गावंडे सायेब बरे हायेत ना मॅडम? त्याच्यामुळं राहिले माह्ये हात."

"बरे आहेत," मी म्हटलं, आणि दोन जुड्या घेऊन बसस्टँडवर आले.

मंगलाबाईला वाचता येत नाही, पण तिची नात शाळेत जाते, ती वाचून दाखवेल. तर पोरी, एवढं शेवटचं वाक्य आजीला जरा मोठ्यानं वाचून दाखव. आता काढायला ती जाळीच उरलेली नाही, म्हणून सांगते: मंगलाबाई, ती जाळी माझी होती.